सीरियस गेम : वैद्यक व बोधात्मक (स्मृती, लक्ष, विचार यांवरचे) उपचार

नियम, गुण आणि टप्पे असलेला, पण निव्वळ करमणुकीसाठी न रचलेला खेळ. ही संज्ञा क्लार्क ॲब्ट यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे रुळली. वैद्यकात असा खेळ औषधासारखा मात्रेत देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये मान्यता दिलेला ‘एन्डेव्हरआरएक्स’ हा एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) असलेल्या, तेव्हा ८ ते १२ आणि डिसेंबर २०२३ पासून १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा व्हिडिओ गेम रोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे खेळायचा असतो.

मोठी मर्यादा अशी, की जे खेळावे तेच बहुधा सुधारते. पडद्यावर चित्रांच्या जोड्या झटपट लावणारी आजी सकाळची गोळी घेतली की नाही, हे विसरतेच. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या खेळांच्या कंपनीला, खेळाने रोजच्या कामातही फायदा होतो अशा अवाजवी दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा आधी अडलेले काम पाहावे, मग खेळ.

कोकणात त्यासाठी पडदा हवाच असे नाही. किनाऱ्यालगतच्या काटेरी झुडपाच्या टणक बिया, म्हणजे सागरगोटे, लकव्यानंतर बोटांची पकड परत आणायला उपयोगी पडतात. रुग्णाचे पाय जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला. आधी पाच सागरगोटे एकेक उचलून वाटीत टाकणे; जमले की दोन-तीन मुठीत साठवून एकेकच सोडणे, जे बरेच अवघड आहे; झेलणे सर्वांत शेवटी. दहांतले सात-आठ प्रयत्न साधतील इतपतच अवघडपणा ठेवावा, नाहीतर रुग्ण चिडून खेळ टाकतो. नेहमीची फसगत : हात लांबवण्याऐवजी रुग्ण धडच पुढे झुकवतो. गुण वाढतात, कोपर आखडलेलाच राहतो. पाठ खुर्चीला टेकलेली आहे ना, हे घरच्यांनी बघत राहावे.

मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेनंतर डावीकडचे लक्षातच येत नसेल, तर सोंगट्यांच्या पटाची डावी कड लाल पट्टीने ठळक करतात. पूर्ण पट, सोळा सोंगट्या लगेच नकोत. एक फाटा, दोन सोंगट्या पुरे. कवड्यांचे दान रुग्णानेच मोजावे, आकडेमोडीचा सराव त्यातच होतो.

टॅबलेटवरचा खेळ नेटवर्कविना चालणारा निवडावा, पावसाळ्यात ते बेभरवशाचे. खेळात सुपरमार्केटच्या ट्रॉलीपेक्षा बांगडे, आमसुले, नारळ अशी यादी आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब असलेला बाजार रुग्णाच्या रोजच्या कामाला जवळचा. फेफरे येणाऱ्याला लुकलुकणारे पडदे टाळावेत. स्मृतिभ्रंश असलेला माणूस सागरगोटा तोंडात घालू शकतो. खेळ संपला की ते मोजून उचलावेत.