टेबललँड नावाचं झाकण

पाचगणीच्या टेबललँडवर पाय ठेवला की घोडेवाल्याचं वाक्य ठरलेलं : "आशिया खंडात दोन नंबरचं पठार, साहेब!" पहिलं म्हणे तिबेटचं. मग ज्या दख्खनच्या पठारावर आपला सातारा बसलाय, ते कुठं गेलं, असं मी एकदा विचारलं. घोडं पुढं निघून गेलं. टेबललँड भरेल फार तर शंभरेक एकर.

भूगोलात अशा सपाट माथ्याच्या, कडे तुटलेल्या डोंगराला 'मेसा' म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ टेबल. त्याचं मूळ लॅटिन 'मेन्सा'. आपलं 'मेज' ऐकायला त्याचं भावंड वाटतं, पण मराठीत ते आलं फारसीतून. नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. कास भागात अशा खडकाळ माथ्याला सरळ 'सडा' म्हणतात.

आता माथा सपाट का? कुणी रंधा मारलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. पुढं लाखो वर्षं पाऊस मुरत राहिला. पाण्यानं आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पळवलं, मग हळूहळू सिलिकाही, म्हणजे वाळूतला मुख्य घटक. बेसाल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिकाच असते, म्हणजे खडकाचा सांगाडाच गेला. मागं उरली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, जी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. पावसाळ्यात ओलं, उन्हाळ्यात कोरडं, असं होत होत ती एकमेकांना चिकटून घट्ट झाली. हाच जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. मलबारात लोक त्याच्या विटा पाडताना बघून स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट.

जांभ्याचं हे तांबडं झाकण जिथं टिकलं तिथली जमीन उंच राहिली, बाकीची ओढ्यानद्यांनी कोरून नेली. म्हणजे टेबल वर आलेलं नाही, भोवतालची जमीन खाली गेली.

जांभा सच्छिद्र, त्याच्या खाली अर्धवट कुजलेल्या खडकाची मऊ चिकणमाती. वरून झिरपलेलं पाणी तिथं अडतं, आडवं वाहतं आणि माती घेऊन जातं. टेबललँडखालच्या पोकळ्या अशाच कोरल्या जातात. तिथं पांडवांचा मुक्काम होता असं सांगतात. जरूर सांगावं, पण काम भीमाचं नाही, पाण्याचं. आधार गेला की वरची कड तडकते आणि कोसळते. कड्याखालच्या उतारावर झुडपांत रुतलेले तांबडे धोंडे दिसतात, ते टेबलाचेच तुकडे.