जांभ्याच्या भिंतीत मुरलेलं वाय-फाय

"काका, रेंज फुल दाखवायलंय, खरं नेट चालेना झालंय की!" शहापुरात शेजारचा पोरगा दर चार दिवसांनी हेच सांगत येतो. त्याला वाटतं दोन्ही एकच. पण फोनवरची ती रेंज फक्त राउटरपर्यंतची. पुढचा रस्ता खांबावरून आलेल्या फायबरचा. घरात आलेल्या फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाशच येत नाही. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. लाइनमनलाच फोन लावायचा. दिवा ठीक असेल, तर राउटरला केबल लावून लॅपटॉप जोडावा. केबलवर नेट पळतंय आणि हवेत अडतंय, म्हणजे दोष घरातच आहे.

आमच्या घरात तो भिंतीत निघाला. जुनं घर, दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती. राउटर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीमागे. फोनवरच्या ॲपने मोजलं: राउटरजवळ उणे ३८ डीबीएम, माजघरात उणे ६१, मागच्या स्वयंपाकघरात उणे ७९. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं डेसिबलमधलं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. आकडे साधे वाटतात, पण दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते आणि १० ला दहावा हिस्सा उरतो. म्हणजे माजघरातून स्वयंपाकघरात जाताना सिग्नल साठाव्या हिश्श्यावर आला! जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषतं. जुलैत त्याच जागी उणे ८४ दिसले.

वाय-फाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला डोलतो, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. पाणी याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेला जास्त शोषतं. म्हणूनच ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय वेगवान असलं, तरी ओल्या भिंतीपुढे आधी तेच दमतं. त्याची लहर सहाएक सेंटीमीटरची, २.४ ची साडेबारा. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तर दोन्हींना परत फिरवतात.

दाटीच्या गल्लीत आणखी एक भानगड. २.४ च्या पट्ट्यात राउटरना बोलायला नंबर दिलेल्या वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. हे चॅनेल ५-५ मेगाहर्ट्‌झवर, पण प्रत्येक राउटर २० मेगाहर्ट्‌झ जागा अडवतो. त्यामुळे एकमेकांत न घुसणारे १, ६ आणि ११ एवढेच. शेजारी ६ वर असेल तर आपण ८ वर बसणं म्हणजे दोघांचंही नुकसान.

शेवटी राउटर टीव्हीमागून काढून माजघराच्या दाराजवळच्या फळीवर ठेवला. तिथून स्वयंपाकघराचं उघडं दार समोर येतं, भिंत आडवी येत नाही. स्वयंपाकघरात उणे ६४. दार लावलं की पाचेक डेसिबल कमी होतात, म्हणून बायकोने दाराला पाटा लावून ठेवलाय.