मांडीवरचा श्रोता
डिसेंबरच्या थंडीत पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मांडवात एक दृश्य हमखास दिसतं. भारतीय बैठकीत आजीच्या शालीत गुरफटलेलं दीड-दोन वर्षांचं पोर संथ लयीच्या विलंबित ख्यालभर गाढ झोपतं आणि जलद लयीची द्रुत सुरू झाली की डोळे चोळत उठून बसतं. मागच्या खेपेला हे पोर आमचंच होतं. तबल्याची लय चढली तशी लेकीची टाच माझ्या मांडीवर आपटायला लागली. कधी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या वजनदार मात्रेच्या आधी, कधी नंतर, पण थांबेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराला काय कळतंय हो?"

बरंच कळतं. आईच्या पोटात साधारण सहाव्या महिन्यापासून बाळाला आवाज ऐकू येऊ लागतो. हंगेरीतल्या संशोधकांनी जन्मून दोन-तीन दिवसच झालेल्या बाळांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, वजनदार ठोका गाळला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बाळं झोपलेलीच राहिली, पण काहीतरी चुकल्याची नोंद त्यांच्या मेंदूच्या आलेखात उमटली. म्हणजे सम कुठे यायला हवी, याची अपेक्षा जन्मतःच असते! त्या ठेक्यात नेमका पाय पडायला मात्र आणखी काही वर्षं जावी लागतात.

आणि प्रत्यक्ष मैफलीचं काय? कॅनडात सहा ते चौदा महिन्यांच्या बाळांसमोर त्यांच्यासाठीच रचलेला संगीताचा प्रयोग झाला. सभागृहात बसलेली बाळं, त्याच प्रयोगाचं चित्रण पाहणाऱ्या बाळांपेक्षा जास्त वेळ रंगमंचाकडे बघत राहिली. त्यांच्या हृदयाचे ठोकेही एकमेकांच्या जोडीने चढत-उतरत होते. 'मोबाइलवर लावून देऊ की' असं कुणी म्हणालं की मला हा प्रयोग आठवतो.

तेव्हा मुलांना जरूर न्यावं. पण त्यांचे कान जपून.

बासरी जितकी आखूड, तितका तिचा स्वर चढा. कानाच्या नळीचंही तसंच आहे. मोठ्या माणसाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटरची. ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज वाढवून पडद्यापर्यंत पोचवते. तान्ह्या बाळाची नळी बरीच आखूड, म्हणून तिथे त्याहून चढे आवाज जास्त वाढतात. झांजेचा खणखणाट किंवा माइकची शीळ आपल्याला नुसती खुपते, बाळाच्या पडद्यावर ती आणखी जोरात आदळते. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कारखान्यातल्या प्रौढ कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांच्या हिशेबाने मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबल सांगितले आहेत. फरक पाचाचाच दिसतो, पण ध्वनीची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशावर येते.

एका गणेशोत्सवात आम्ही मोकळी जागा दिसली म्हणून स्पीकरच्या भिंतीशेजारी बसलो. दोन मिनिटांत लेकीने दोन्ही हात कानांवर दाबले. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी विसरणार नाही. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मांडवात जागोजागी स्पीकर असतात, म्हणून तिथे रंगमंच नव्हे, स्पीकर बघून जागा धरावी. कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत आणि लहानग्यांच्या तोंडात जाण्याची भीती वेगळीच. मुलांच्या मापाचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ चांगले. नीट बसले तर वीसेक डेसिबल अडवतात. लेकीने निळे निवडले. पहिल्या दिवशी चार वेळा काढून फेकले, मग विसरून गेली.

सवाईच्या तिसऱ्या दिवशी आम्हाला पोचायला उशीर झाला. काकूंनी सतरंजीवर पिशवी ठेवून जागा राखली होती. दोन स्पीकरच्या बरोबर मधली, दोन्हींपासून लांब.