माळवदाचे घर आणि कागदावरचे छप्पर

मराठवाड्यातल्या प्राथमिक शाळेत मुलांना 'आपले घर काढा' म्हटले, की बहुतेक वह्यांत एकच घर उमटते. एक चौकोन, त्यावर उतरते त्रिकोणी छप्पर, मधोमध दार, मागे दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि अंगणात नारळाचे झाड. बीड किंवा परभणीकडच्या मुलाने नारळ पाहिलेला असतो तो देवळाच्या पायरीवर फोडताना, आणि उतरत्या कौलांचे घर तर त्याच्या गावात शोधूनही सापडण्याची शक्यता कमीच असते. तरीही हात सरळ त्रिकोणाकडे वळतो. ही सवय आली कोठून, हे पाहायचे तर आधी इथल्या घराकडे पाहावे लागते.

मराठवाड्याचे जुने घर सपाट धाब्याचे, म्हणजे माळवदाचे. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर, म्हणजे तुळयांवर आडवी टाकलेली बारीक लाकडे, सरांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि वर हातभर जाडीची पांढरी माती. पावसाळ्याच्या तोंडावर त्या मातीचा नवा थर दिला, की पुढचे वर्ष निभावत असे. सरासरी 700 ते 800 मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात पाणी झटकन उतरवणाऱ्या छपरापेक्षा उन्हाचा ताप अडवणाऱ्या छपराची गरज मोठी होती, शिवाय वाळवणाला आणि उन्हाळ्यात रात्री निजायला जागा मिळे ती वेगळीच. घर मोजायचे ते खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात. 'पाच खणांचे घर' म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आवाका कळे.

असे घर समोरून काढायला बसले, की अडचण ध्यानात येते. छप्पर दिसतच नाही. रस्त्यावरून दिसते ती आंधळी भिंत, एक दार आणि पावसाचे पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ. घराचे घरपण सारे आत असते : दारातून शिरताच ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, मग चौक, ओसरी, भिंतीतल्या देवळ्या, धान्याचे बळद आणि अंधाऱ्या खोलीच्या छतात उजेडासाठी ठेवलेले गोल भोक, ज्याला साणे म्हणतात. समोरून काढले तर उरते नुसते खोके, आणि खोक्याला कोणी घर म्हणत नाही. मुलाचा त्रिकोण चुकीचा असला, तरी त्यामागची गरज खरी असते.

हा पेच याच भूमीतल्या चित्रकारांनी पूर्वी सोडवला होता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत महाल आणि मंडप वारंवार येतात. त्यांत चित्रकार समोरची भिंत काढूनच टाकतो, बारीक खांब आणि वरचा छज्जा तेवढा ठेवतो आणि आतली माणसे दाखवतो. 17 क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतराच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातील दानशूर राजपुत्राच्या कथेत एकाच पट्टीत मंडपाच्या आतले आणि बाहेरचे प्रसंग शेजारी शेजारी नांदतात. लहान मूलही असेच काढते. बाहेरची भिंत आणि आतली चूल त्याच्या चित्रात एकाच वेळी दिसतात. मूल दिसते ते नव्हे, तर ठाऊक असते ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले.

गंमत अशी, की मुंबईची कलाशाळा अजिंठ्यापर्यंत पोचली, पण अजिंठा चित्रकलेच्या तासापर्यंत पोचला नाही. 1857 साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन तिथले इंग्रज शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. शाळांमध्ये मात्र चित्रकला गेली ती लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन वळणाची : आधी सरळ रेषा, मग वळणदार रेषा, मग छापील नमुन्यावरून नक्कल. या शिस्तीने हात स्वच्छ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाने मान वर करून आपल्या भिंतीकडे पाहावे, अशी तिची अपेक्षाच नव्हती.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपली आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्याला जोडला गेला. त्यानंतर मुंबईकडचे अभ्यासक्रम, पुस्तके आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी इथल्या गावांत रुजली. नमुन्यांतले घर सोबतच आले. ते घर होते मुसळधार पावसाच्या किनारपट्टीचे, त्या मंगलोरी कौलांचे ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात काढला होता. परीक्षेतल्या स्मरणचित्रासाठी तयार साचे पाठ करण्याची रीतही पडली. स्मरणातून काढायचे चित्र स्मरणाऐवजी पाठांतरातून उतरू लागले, आणि माझ्या मते आपल्या घराचे चित्र दुरावले ते मुख्यतः इथे.

एका ठिकाणी मात्र त्रिकोण खरा असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात, तेव्हा त्यांचे घर म्हणजे दोन बाजूंनी टेकवलेल्या ताट्यांची कोपी असते. त्या मुलाने दार असलेला त्रिकोण काढला, तर नक्कल म्हणून खोडण्याची घाई करू नये.

माळवदाच्या घराचा काळ एका पहाटेने बदलला. 30 सप्टेंबर 1993 रोजी 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावरच्या मातीचा भार यांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेनुसार 250, 450 व 750 चौरस फुटांची घरे देण्यात आली. अनेक कुटुंबांना आपले घर उभे राहण्याआधी कागदावर दिसले ते तेव्हा. खणांत मोजले जाणारे घर चौरस फुटांत आले, आणि भूकंप न झालेल्या गावांतही माळवदाची भीती बसून स्लॅब आणि पत्रे वाढले.

आता आपले घर काढायला शिकवणारे काही शिक्षक समोरच्या बाजूने सुरुवात करत नाहीत. परिसर अभ्यासात नकाशाची ओळख जवळच्या जागेच्या आराखड्यापासून होते, तीच वाट ते चित्रालाही लावतात. मुलाने घरी जाऊन पावलांनी खोल्या मोजायच्या, दार कोणत्या दिशेला ते पाहायचे, सकाळी ऊन कुठून आत येते ते टिपायचे आणि वरून पाहिल्यासारखे घर आधी काढायचे. उंची, सावली आणि दूर जाताना जवळ येणाऱ्या रेषा नंतर येतात. या रीतीने स्लॅबचे घरही निराळे निघते, कारण जिन्याखालची दुचाकी आणि गच्चीवरची काळी टाकी नमुन्यात कुठेच नसते.

अशाच एका तासाला चौथीतल्या मुलीने स्वतःचे घर सोडून आजीचे माळवद काढले होते. कागदाच्या मध्यभागी साणे, भोवती उतरंड, जाते, बाज, आणि जमिनीवर उजेडाचे तीन पिवळे गोल. साणे एक असताना कवडसे तीन कसे, असे विचारल्यावर तिने बोट ठेवून सांगितले : "ह्यो सकाळचा, ह्यो दुपारचा, आन् ह्यो आजी निजती तव्हाचा."