डोळे नको, कान झाका

माझी आत्या भयपट पाहते ती बोटांच्या फटीतून. पडद्यावरची बाई जिन्याने तळघरात उतरायला लागली की हिचा हात चेहऱ्यावर जातो, दार करकरलं की फट बारीक होते आणि आता काहीतरी येणार असं वाटलं की पूर्ण बंद. मागच्या वेळी तिच्यासोबत थिएटरात गेलो, तेव्हा फट बंद असतानाच ती खुर्चीतून वीतभर उडाली आणि अर्धे पॉपकॉर्न पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या टकलावर पडले. बाहेर आल्यावर तिची तक्रार एकच: "अरे, मी तर डोळे मिटले होते!"

तक्रार रास्त आहे, फक्त बंदोबस्त चुकीच्या इंद्रियाचा केला होता.

आपण 'घाबरलो' आणि 'दचकलो' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शरीराच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं की सगळं घर दचकतं, पण ताटाला कोणी भीत नाही. उलट, उद्याच्या ऑपरेशनची भीती रात्रभर छळते, तिच्यात दचकणं कुठेच नसतं. भयपटाची सगळी करामत या दोघांना एका गाड्याला जुंपण्यात आहे.

दचकण्यावर शहाणपणाचा इलाज चालत नाही, हे डार्विनने स्वतःवर करून पाहिलं होतं. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ सालच्या ग्रंथात त्याने ही हकिकत दिली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेमागे एक विषारी अ‍ॅडर साप होता. मागे सरकायचं नाही असा निश्चय करून डार्विनने काचेला चेहरा भिडवला. सापाने फटकारा मारला आणि हा थोर निसर्गशास्त्रज्ञ यार्ड-दोन यार्ड मागे! काच आहे हे माहीत होतं, साप झेपावणार हेही माहीत होतं. आपलंही सुतळी बॉम्बच्या बाबतीत हेच होतं. वात जळताना दिसत असते, कानात बोटंही असतात, तरी खांदे उडतातच.

असं का होतं, हे सांगायला मला फार आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी डोळा आणि कान यांची शर्यत पाहू. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडला की तिथल्या ऱ्होडोप्सिन या रेणूचा आकार बदलतो. तो दुसऱ्या प्रथिनाला जागं करतो, ते प्रथिन एका विकराला जागं करतं, तो विकर आणखी एक रेणू तोडतो, त्याचं प्रमाण घटलं की पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या बंद होतात आणि तेव्हा कुठे विद्युतसंदेश बदलतो. सरकारी कचेरीत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तसा कारभार. या दिरंगाईचा मोबदलाही मोठा आहे: मिट्ट काळोखात प्रकाशाचा एकच कण आला तरी एका दंडपेशीला त्याची नोंद घेता येते. पण यात कित्येक मिलिसेकंद जातात.

कानात टेबलंच नाहीत. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या, म्हणजे कर्णावर्तातल्या, केशपेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असतात आणि शेजारशेजारच्या केसांची टोकं अतिसूक्ष्म धाग्यांनी बांधलेली असतात. ध्वनीची लाट आली, केस कलले, धागा ताणला गेला आणि धाग्याने वाहिनीचं दार खेचून उघडलं. आयन आत, संदेश सुरू. मध्ये रसायनांची साखळी नाही. मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो.

पुढचा रस्ताही आडवाटेचा, पण जवळचा आहे. श्रवणचेतेतून आलेला संदेश मस्तिष्कस्तंभात शिरतो. तिथे पॉन्स नावाच्या भागाच्या खालच्या टोकाला काही मोजक्या, पण आकाराने अवाढव्य चेतापेशी आहेत. त्यांच्या तारा थेट मेरुरज्जूतून खाली जातात आणि स्नायूंना हुकूम देतात. कानापासून स्नायूपर्यंत मध्ये चेतापेशींचे जेमतेम तीन-चार सांधे. उंदराची मान दहा मिलिसेकंदांच्या आत आखडायला लागते. माणसाच्या पापण्यांना साधारण तीस ते पन्नास मिलिसेकंद लागतात. आता सिनेमाचा हिशेब मांडा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. भुताची पहिली चौकट पडद्यावरून हलते न हलते तोच प्रेक्षकाच्या पापण्या मिटायला लागलेल्या असतात. मागोमाग मान आत, खांदे वर, कोपरं दुमडलेली. 'हे भूत आहे' असं ओळखणारा मोठा मेंदू अजून रांगेतच उभा असतो. त्याला विचारून काहीच झालेलं नसतं.

या प्रतिक्षिप्त क्रियेच्या दोन खोडी ध्वनिसंयोजकांना पक्क्या ठाऊक असतात, नावं माहीत नसली तरी. पहिली अशी की आवाज नुसता मोठा असून भागत नाही, तो एकदम चढावा लागतो. मोठा पण हळूहळू वाढत गेलेला आवाज दचकवत नाही. दुसरी खोड अधिक मजेची. मोठ्या आवाजाच्या साधारण दशांश सेकंद आधी एखादा हलका आवाज झाला, तर दचकणं चक्क कमी होतं. म्हणून हाडाचा दिग्दर्शक धमाक्याआधी सगळं गप्प करतो. रातकिडे बंद, पंख्याची घरघर बंद.

या युक्तीचा गाजलेला नमुना १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन चित्रपटात आहे. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. रात्री एकटी चाललेली बाई, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. मग तो आवाजही थांबतो. बाई पळायला लागते, आणि अचानक फिस्सकन... बस येऊन थांबते! ना रक्त, ना राक्षस. नुसते बसचे ब्रेक. तेव्हापासून अशा फसव्या दचक्याला या धंद्यात 'ल्यूटन बस' म्हणतात.

मग भीतीचं काम काय? भीती म्हणजे आवाजाचं बटण. १९५१ साली ब्राउन, कॅलिश आणि फार्बर या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना एका ठरावीक इशाऱ्यानंतर विजेचा झटका बसतो हे शिकवलं. नंतर तो इशारा चालू असताना मोठा आवाज केला, तर उंदीर एरवीपेक्षा जास्त जोराने उडत. पुढे मायकेल डेव्हिस यांनी ही वायरिंग शोधून काढली. मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डलाकडून पॉन्समधल्या त्याच अवाढव्य पेशींकडे संदेश जातात आणि त्यांना हातघाईवर आणून ठेवतात. तळघराचा जिना, करकरणारं दार, ताणलेली व्हायोलिनं ही सगळी त्या पेशींची मशागत. पेरणी नंतर.

अंधारही हेच करतो. त्याच आवाजाला माणूस उजेडापेक्षा काळोखात जास्त दचकतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. उंदीर निशाचर, त्यामुळे त्यांचं उलट: ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. उंदरांनी भयपट काढलाच, तर तो भर दुपारी मोकळ्या मैदानात घडेल.

आता अमावास्येच्या रात्री पिंपळाखालून जाणाऱ्या माणसाचा विचार करा. काळोखाने बटण आधीच चढवलेलं, लहानपणी ऐकलेल्या मुंजाने आणखी चढवलेलं. घुबड फडफडलं. शरीर आधी उडालं, अंगावर काटा आला आणि कारण शोधायचं काम मेंदूकडे मागाहून आलं. पिंपळाखाली ते कारण तयारच असतं. त्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही, त्याचं अंग खरंच शहारलेलं असतं. पण पडक्या वाड्यात हातात चुंबकीय क्षेत्राचं मीटर घेऊन भुतं 'पकडणारे' व्हिडिओवाले मात्र मला सहन होत नाहीत. ते यंत्र भिंतीतल्या वायरींनाही दिवा लावतं, आणि व्ह्यूजना तर नक्कीच.

'रक्त गोठवणारा' हे विशेषणही लायडनच्या संशोधकांनी तपासून पाहिलं, २०१५ साली. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखवला. भयपटानंतर रक्त साकळायला मदत करणारा आठवा घटक वाढलेला आढळला. प्रत्यक्ष गुठळी होत असल्याची चिन्हं मात्र नव्हती. म्हणजे वाक्प्रचार निम्मा पास.

राहता राहिला प्रश्न की लोक पैसे देऊन हे का सोसतात. डेन्मार्कमध्ये एका 'भूतवाड्या'त आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले (२०२०). मजा सर्वात जास्त आली ती मधल्या भीतीला. कमी झाली तर अळणी, जास्त झाली तर खारट. आणि अमेरिकेत अमिग्डला नष्ट झालेली एक स्त्री आहे, शास्त्रीय लेखांत तिला 'एसएम' म्हणतात. तिला भयपटांतले प्रसंग दाखवले, तर भीती शून्य, पण ते तिला रंजक मात्र वाटले. तिला भुताटकीच्या सजवलेल्या इमारतीत नेलं, तर ही सर्वांच्या पुढे, आणि तिथल्या एका राक्षसाच्या डोक्याला कुतूहलाने बोट लावून आली. म्हणजे या प्रकाराची ओढ निव्वळ भीतीतून येत नसावी. उत्कंठा हा वेगळा धागा आहे आणि तो भीतीशिवायही शिल्लक राहतो, असं मला या एका उदाहरणावरून वाटतं. एका माणसावरून नियम करू नये, हेही खरं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. पुढच्या भयपटाला तिने कापसाचे बोळे आणले, कानांत घट्ट बसवले आणि डोळे सताड उघडे ठेवून बसली. एकदाही उडाली नाही. मध्यंतरानंतर पाहिलं, तर मान माझ्या खांद्यावर टाकून झोपली होती.