नस तुटली की यकृतातून रक्त झिरपलं?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता सर्रास होते. ‘थोडं रक्त गेलं’ असं सांगितलं की नातेवाईक घाबरून विचारतात, ‘नस कापली गेली का?’ बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं.

पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगाला एका खाचेत चिकटलेलं असतं. ते सोडवताना त्या खाचेतून रक्त पाझरतं, गडद आणि संथ. गॉझ दाबून काही मिनिटं धीर धरला, कॉटरीचा, म्हणजे विजेच्या उपकरणाचा, चटका दिला की सहसा थांबतं. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं, त्या दाबानेही बारीक शिरा मिटून राहतात. म्हणूनच शेवटी वायूचा दाब उतरवून ती जागा पुन्हा पाहायची, नाहीतर दडलेला स्राव नंतर उघडा पडतो. काहींच्या यकृतात मोठ्या शिरेची फांदी या खाचेच्या अगदी जवळून जाते. ती फाटली तर चटके देत राहिल्याने भोक वाढतं. तिथे नीट दाबून धरावं लागतं, प्रसंगी टाका घ्यावा लागतो.

पित्ताशयाच्या धमनीचं रक्त वेगळं. लालभडक चिळकांडी उडते, कॅमेऱ्याची काच माखते, पडद्यावर काही दिसेनासं होतं. अशा वेळी हात आपोआप क्लिपकडे, म्हणजे नस बंद करणाऱ्या छोट्या चिमट्याकडे, जातो, आणि खरा धोका तिथेच आहे. मुख्य पित्तनलिका आणि यकृताची उजवी धमनी लगतच असतात. आंधळेपणाने लावलेल्या क्लिपने रक्त थांबेलही, पण नलिका चिमटली तर कावीळ, पित्ताची गळती, पुन्हा मोठं ऑपरेशन, असं रुग्णाच्या नशिबी येतं. रक्तस्रावापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते.

म्हणून आधी पित्ताशयच त्या जागेवर दाबून धरायचं किंवा गॉझ आत सोडायचा. काच पुसायची, सक्शनने रक्त ओढायचं, लागलं तर आणखी एक छिद्र घ्यायचं. धमनीचं टोक स्पष्ट दिसलं की मगच क्लिप. दिसतच नसेल तर यकृताकडे जाणारा रक्तपुरवठा तात्पुरता दाबून धरता येतो. ही युक्ती सर्जन प्रिंगल यांनी 1908 मध्ये मांडली. तरीही आवरत नसेल, तर पोट उघडायचं. वेळेवर पोट उघडणाऱ्या सर्जनवर माझा विश्वास जास्त आहे.

तेव्हा नातेवाइकांनी ‘किती रक्त गेलं’ एवढंच विचारून थांबू नये. ते कुठून आलं आणि क्लिप नीट दिसत असताना लावली का, हेही विचारावं.