प्रोसेसरचं झाकण काढलं, आता कूलर कोणता?

‘झाकण काढा, वीस डिग्री वाचवा’ हा सल्ला हौशी कॉम्प्युटरवाल्यांत अजून फिरतो. तो जन्माला आला तेव्हा बऱ्यापैकी खरा होता. २०१२ साली इंटेलने आयव्ही ब्रिज पिढीत प्रोसेसरची सिलिकॉनची चिप (हिलाच डाय म्हणतात) आणि तिच्यावरचं तांब्याचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर, म्हणजे वितळवून जोडलेला धातू, देणं बंद केलं आणि तिथे थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा लेप, भरली. झाकण चिकटवणारा काळा सिलिकोनचा गोंद जरा जाड बसे, त्यामुळे झाकण केसभर वर राही आणि पेस्टचा थर जाडच राही. गोंद खरवडला, पेस्ट बदलली, झाकण परत ठेवलं की तापमान धाडकन उतरायचं. २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेलांत सोल्डर परत आलं. एएमडीच्या रायझन ७९५०एक्स या प्रोसेसरमध्येही डाय आणि झाकण यांच्यात सोल्डरच आहे, म्हणजे इंडियम धातू. तिथे जुनी युक्ती तशीच करून फारसं हाती लागत नाही. फायदा हवा असेल तर झाकण परत न ठेवता कूलर थेट डायवर टेकवावा लागतो, आणि तिथून गणित बदलतं.

उघडी डाय ही काही नवलाई नव्हे. लॅपटॉपचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांच्या चिपा आजही बहुतेक उघड्याच असतात. एएमडीच्या २००० सालच्या सॉकेट ए अ‍ॅथलॉन प्रोसेसरवरही झाकण नव्हतं. कूलर तिरका टेकून डायचे कोपरे फुटू नयेत म्हणून त्याच्या पॅकेजवर चार मऊ गोल पॅड चिकटवलेले असत. तरी कोपरे फुटायचेच.

७९५०एक्सच्या झाकणाखाली तीन डाय असतात. दोन सीसीडी, म्हणजे प्रत्यक्ष गणनेचे गाभे असलेल्या छोट्या डाय, प्रत्येकी साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या. तिसरी मोठी, बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणारी. ती फार तापत नाही. प्रोसेसर पूर्ण जोरात २३० वॅटपर्यंत ओढतो, त्यातले ढोबळमानाने शंभर-शंभर वॅट एकेका सीसीडीतून निघतात. शंभर वॅट ७० चौरस मिलिमीटरमधून म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे १४० वॅट. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ दीडशे चौरस सेंटीमीटर धरला तर तिथे हा आकडा सहा-सातच्या आसपास येतो.

उष्णता एखाद्या थरातून जाताना दोन बाजूंच्या तापमानात किती फरक पडेल, हे शाळेतल्या सूत्राने निघतं: वॅट गुणिले जाडी, भागिले वाहकता गुणिले क्षेत्रफळ. वाहकता ५ असलेली (वॅट प्रति मीटर-केल्विन) चांगली पेस्ट घ्या आणि तिचा थर ५० मायक्रॉन धरा. शंभर वॅट ७० चौरस मिलिमीटरमधून गेले तर नुसत्या पेस्टमध्ये १४ डिग्री जातात. आता तीच पेस्ट झाकणाच्या वर लावू. ७९५०एक्स एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये बसतो; एएम५चं झाकण सुमारे साडेतीन मिलिमीटर जाड आहे, आधीच्या एएम४ सॉकेटचे जुने कूलर बसावेत म्हणून मुद्दाम जाड ठेवलेलं. तांब्यातून वर जाताना उष्णता बाजूलाही पसरते. ४५ डिग्रीच्या कोनात पसरते असं धरलं तर वर पोचेपर्यंत तिला ७० ऐवजी जवळजवळ २४० चौरस मिलिमीटर मिळतात, आणि पेस्टमधला फरक १४ वरून ४ वर येतो. पाव मिलिमीटर इंडियमची वाहकता ८० धरली तर त्याचे साडेचार डिग्री. झाकणाच्या तांब्याचे सात. एकूण साडेपंधरा.

म्हणजे झाकण उष्णता अडवतं हे अर्धंच खरं. अडवण्याआधी ते तिला पसरवतं, आणि सगळ्यात वाईट वाहक असलेला थर मोठ्या क्षेत्रफळावर जाईल अशी सोय करतं. झाकण काढून डायवर साधी पेस्ट लावली, तर तो वाईट थर नेमका सगळ्यात अरुंद जागी येतो: पेस्टचे १४, आणि पसरवण्याचं काम आता कूलरच्या तळाला करावं लागतं त्याचे सहा-सात. बेरीज वीसच्या पुढे. एवढा खटाटोप करून प्रोसेसर आधीपेक्षा गरम! हे ढोबळ गणित आहे. दोन सीसीडी शेजारी-शेजारी असल्याने प्रत्यक्षात पसरायला इतकी मोकळी जागा मिळत नाही, आणि उघडी डाय गुळगुळीत असल्याने पेस्टचा थर ५० मायक्रॉनपेक्षा पातळ बसू शकतो. तरी दिशा तीच राहते.

त्यामुळे उघड्या डायवर लिक्विड मेटल वापरतात. हा गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा मिश्रधातू आहे. वाहकता २० आणि थर ४० मायक्रॉन धरला तरी १४च्या जागी तीनच डिग्री जातात. नळीवर ७०-८० असे आकडे छापलेले दिसतात, पण अशा मिश्रधातूंची प्रयोगशाळेतली मोजमापं त्याच्या बरीच खाली आहेत. पेस्टच्या बाबतीतही तेच. ‘नॅनो’, ‘डायमंड’ वाचून पैसे मोजू नका. दसऱ्याला कॅबिनेटला हळदकुंकू वाहायला कुणाची ना नाही, पण ठिपका लावावा की फुली काढावी, यावर रात्र-रात्र वाद घालणं हेही कर्मकांडच. दाबल्यावर थर किती पातळ होतो यावर सारं ठरतं.

गॅलियमशी खेळायचं म्हणजे कूलरची निवड आपोआप आखडते. अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग तळाशी नको. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि धातू हाताने मोडेल इतका ठिसूळ होतो. स्वस्त टॉवर कूलरमध्ये (पंखा लावलेल्या उंच कूलरमध्ये) हीटपाइप, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या नळ्या, थेट तळाला उघडे असतात आणि मधल्या फटींत अ‍ॅल्युमिनियम असतं. ते इथे दोनदा बाद: एक गॅलियममुळे, दुसरं म्हणजे छोटी डाय एखाद-दोन पाइपांखालीच येते आणि बाकीचे पाइप नुसते बसून राहतात. हवा तो निकेलचा मुलामा दिलेला, एकसंध, जाड तांब्याचा तळ. उघडं तांबंही चालतं, पण ते गॅलियम हळूहळू शोषून घेतं. काही महिन्यांनी थर कोरडा पडतो आणि पुन्हा लावावा लागतो.

दुसरी चाचणी सपाटपणाची. अनेक कूलरांचा तळ मुद्दाम किंचित फुगीर घासलेला असतो, कारण झाकणं मधोमध जराशी खोलगट असतात. उघड्या डायवर हाच गुण दोष ठरतो. फुगवट्याचा माथा मधोमध टेकतो आणि ७९५०एक्सच्या सीसीडी तर एका बाजूला सरकलेल्या आहेत. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून मागून टॉर्च मारा. पट्टीच्या टोकांशी उजेडाची फट दिसली तर तो कूलर इथे नको.

वजनही पाहा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसह १.३ किलोचा आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये हे वजन आडवं लोंबतं, आणि टेकू मिळतो तो तीन छोट्या डायचा. अशक्य नाही, पण पाण्याचा ब्लॉक (आतून पाणी फिरणारा कूलरचा ठोकळा) बरा, त्यातही थेट डायसाठीच बनवलेला. टॉवरच हवा असेल तर कॅबिनेट हलवताना तो उतरवून ठेवा.

आता बसवणं. वॉरंटी गेली हे धरूनच चाला. झाकण काढायला एएम५साठी मिळणारं साधन वापरा. त्यात झाकण स्क्रूने थोडं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला सरकवतात. असं बऱ्याचदा केलं की इंडियम थकून सुटतं. ब्लेडने करू नका, झाकणाच्या पायांमध्ये कपॅसिटर (विजेचे चिमुकले भाग) आहेत. डायवर उरलेल्या इंडियमवर लिक्विड मेटलचा थेंब चोळला की ते विरघळतं, मग प्लास्टिकच्या कार्डाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. धातूचं काही लावू नका. नंतर कपॅसिटरांवर नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. लिक्विड मेटल वीज वाहतं.

सॉकेटची मूळ पकड झाकणावरच दाब देते. झाकण गेलं की ती निरुपयोगी. एएम५च्या १७१८ पिनांवर प्रोसेसर सारखा दाबला जायलाच हवा, म्हणून तिच्या जागी थेट डायसाठीची चौकट बसवावी लागते. थर्मल ग्रिझलीसारख्या कंपन्या त्या विकतात. मशीन सुरूच झालं नाही किंवा मेमरीचं एक चॅनेल गायब झालं, तर पहिला संशय याच दाबावर घ्या.

मग उंची. झाकण काढल्याने कूलरला तेवढंच खाली यावं लागतं. स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसणारा कूलर असेल तर स्प्रिंग तीन-साडेतीन मिलिमीटर कमी दबते. दाब उतरतो, किंवा स्क्रू तळाला लागतो आणि कूलर डायवर टेकतच नाही. नॉक्टुआने यासाठी स्पेसर आणि लांब स्क्रूंचा वेगळा संच काढला. दुसरा कूलर असेल तर बोर्डापासून डायच्या माथ्यापर्यंतची उंची डेप्थ गेजने मोजा आणि आधार तेवढेच उतरवा. तळ चौकटीला किंवा कपॅसिटरला अडत नाही ना, हेही तेव्हाच बघा.

लिक्विड मेटल लावण्याआधी साध्या पेस्टने रंगीत तालीम करा. डायवर पातळ हात फिरवा, कूलर बसवा, काढा आणि तळावरचा ठसा बघा. तिन्ही डायचे चारही कोपरे उमटायला हवेत, आणि पेस्ट सगळीकडे सारखी पातळ दिसायला हवी. एका कडेला जाड पट्टा राहिला तर कूलर तिरका आहे. स्क्रू आळीपाळीने, प्रत्येकी अर्धा फेरा. चार असतील तर समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की सगळा भार डायच्या एका कडेवर येतो आणि सिलिकॉन वाकत नाही, फुटतं.

ठसा जमला की सगळं पुसून लिक्विड मेटल. प्रत्येक सीसीडीला मोहरीएवढा थेंब पुरतो. सुरुवातीला तो गोळी होऊन पळतो, कारण पृष्ठताण पाण्याच्या सात-आठ पट आणि वर ऑक्साइडची साय. कापसाच्या काडीने दाबून चोळत राहिलं की साय फाटते आणि धातू पृष्ठभाग धरतो. कूलरच्या तळावरही तेवढ्याच जागेत पातळ हात द्या. आरशासारखा थर पुरे. थेंब लोंबताना दिसला तर काडीने उचला. डायभोवती फोमची कड लावली तर उभ्या कॅबिनेटमध्ये ओघळ अडतो.

एवढं नको वाटत असेल तर हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड लावा. ते ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन पातळ पसरतं आणि वीज वाहत नाही. शिवाय तांबं आणि सिलिकॉन तापल्यावर वेगवेगळं प्रसरण पावतात, त्यामुळे साधी पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. हे पॅड तो त्रास फारसा देत नाही. दोन-चार डिग्री जास्त राहतील. बहुतेकांनी हेच करावं असं माझं मत.

चालू केल्यावर आधी बायोसमध्येच (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) तापमान पाहा. तिथे ते भराभर चढत असेल तर लगेच बंद करा, कूलर टेकलेला नाही. नंतर सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण जोरात राबवणारी चाचणी दहा मिनिटं फिरवा आणि दोन्ही सीसीडींचं तापमान वेगवेगळं नोंदवा. थोडा फरक असतोच, पण एक सीसीडी दुसरीच्या दहा-पंधरा डिग्री वर असेल तर पुन्हा तिरकेपणा तपासा. ७९५०एक्स ९५ डिग्रीपर्यंत स्वतःहून जातो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे आकडा उतरला नाही तरी प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड) वाढला का ते बघा. आणि युरोपातल्या चाचण्यांशी तुलना करताना खोलीचं तापमान लिहून ठेवा: तिथे खोली २०-२२ डिग्रीची असते, मे महिन्यात नागपुरात दुपारी ती ३८ची असली तर जवळपास सगळे आकडे तेवढ्याने वर सरकतात.